गवती चहा आणि फळं घालून उन्हाळ्याचं गार पेय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल लागला की तेच तेच प्रश्न यायला लागतात, कधी बहिणीचा फोन, कधी सोसायटीच्या ग्रुपवर पेयाच्या जगचा फोटो आणि खाली "हे असं का झालं?", म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतेय. यात दारू नाही, वाईन नाही, काहीच नाही, नातवंडांपासून आजोबांपर्यंत सगळ्यांना देता येतं. दोन-तीन अपवाद आहेत ते खाली लिहिलेत, तेवढे मात्र वाचाच.

हे सरबत आहे की आइस टी?

दोन्हीच्या मधलं. सरबत म्हणजे फळ, साखर, पाणी, त्यामुळे अर्धा ग्लास झाला की तोंड गोडमिट्ट होतं. इथे साध्या पाण्याऐवजी गवती चहा, पुदिना, आलं वगैरेचं पाणी असतं, त्याचा वास आणि किंचित तुरटपणा असल्यामुळे साखर बरीच कमी लागते. चहा पावडर अजिबात नाही.

बेसिक रेसिपी सांगा ना, फार फाटे न फोडता.

एक लिटर पाणी उकळायला ठेवा. गवती चहाच्या आठ-दहा लांब पाती धुवून कात्रीने कापून टाका, अर्धा इंच आलं ठेचून टाका. उकळी आली की बारीक गॅसवर चार-पाच मिनिटं. गॅस बंद केल्यावर मूठभर पुदिना टाकायचा आणि झाकण ठेवून दहा मिनिटं विसरून जायचं. मग गाळा, गरम आहे तोवर तीन टेबलस्पून साखर विरघळवा, खोलीच्या तापमानाला आलं की फ्रीजमध्ये दोन-तीन तास. प्यायच्या आधी अर्धा तास त्यात दोन वाट्या फळांचे तुकडे (पहिल्यांदा करत असाल तर कलिंगड घ्या), एका मोसंबीच्या पातळ चकत्या, अर्ध्या लिंबाचा रस आणि चिमूटभर सैंधव. बर्फ ग्लासात घालायचा, जगमध्ये नाही. चार-पाच ग्लास होतात.

एकच गोष्ट लक्षात ठेवा, चहा कडक हवा. गरम पिताना "बापरे, जरा जास्तच झाला" असं वाटेल इतका. गार झाल्यावर वास आणि गोडी दोन्ही जिभेला कमी लागतात, वर बर्फ वितळून पाणी होणारच, त्यामुळे गरम असताना बरोबर वाटणारा चहा ग्लासात गेल्यावर नुसतं फळ बुडवलेलं पाणी लागतो. मला येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्या याच असतात.

पुदिना गवती चहाबरोबरच उकळला तर काय बिघडतं?

वास उडून जातो आणि भाजीसारखी चव येते. गवती चहाची पात राठ असते, तिला उकळी सोसते, उलट उकळल्याशिवाय ती वास सोडतच नाही. पुदिना, तुळस, गुलाबाच्या पाकळ्या, कॅमोमाइल ही नाजूक मंडळी, त्यांना गॅस बंद केल्यावरच घालायचं आणि झाकण घट्ट. दालचिनी, बडीशेप, वेलदोडा हे पाण्याबरोबर सुरुवातीपासून चालतात.

गवती चहाच का? दुकानात इतके छान छान हर्बल टी मिळतात.

मिळतात, घ्या की. पण पंचवीस पिशव्यांचा डबा ज्या किमतीत येतो त्यात भाजीवाल्याकडे गवती चहाच्या किती जुड्या येतील ते बघा, कित्येकदा तर कोथिंबिरीबरोबर मागितला तर दोन-चार पाती तशाच टाकतो. शिवाय गवती चहाच्या वासात जे सिट्रल असतं तेच लिंबाच्या सालीतही असतं, म्हणून आंबटगोड फळांबरोबर तो इतका जमतो. कोकणात तर दारातच लावलेला असतो. शहरात कुंडीत सहज येतो, मुळासकट एक ठोंब आणून लावायचा, ऊन आणि पाणी द्यायचं, बाकी काही मागत नाही. पाती कापताना हाताने ओढू नका, कडा धारदार असतात, बोट कापतं.

टी बॅगच वापरायच्या असतील तर पाकिटावर एका कपाला एक लिहिलेली असते, गार पेयासाठी दोन घ्या. आणि बॅग दाबून पिळू नका, तुरट होतं.

आम्ही न्यू जर्सीत आहोत, इथे पात मिळत नाही, काड्या मिळतात.

हो, तिकडे एशियन दुकानात खालचा पांढरट दांडा मिळतो, थाई स्वयंपाकाला वापरतात तो. तोच गवती चहा, तोच चालेल. दोन दांडे घ्या, बाहेरची सुकलेली साल काढा, लाटण्याने ठेचा, तुकडे करा आणि पातीपेक्षा जास्त, म्हणजे आठ-दहा मिनिटं उकळा. आणि तुमचा उन्हाळा जून ते ऑगस्ट, त्यामुळे आमच्या इथलं फळांचं वेळापत्रक पाळत बसू नका, तिकडे त्या दिवसांत पीच, चेरी, ब्लूबेरी भरपूर असतात, पीच आणि गवती चहा तर सुंदरच लागतं.

कुठल्या फळाबरोबर कुठला चहा?

हा माझा आवडता प्रश्न. साधा हिशोब असा की फळ आंबट असेल तर चहा वासाचा घ्यायचा, आणि फळ नुसतंच गोड असेल तर आंबटपणा दुसरीकडून आणायचा.

कलिंगड नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं आणि त्याला आंबटपणा जवळजवळ नसतो, म्हणून त्याच्यासोबत पुदिना आणि लिंबू लागतंच, नाहीतर पेय मिळमिळीत. कलिंगडाचे तुकडे आधी फ्रीझरमध्ये टाकून ठेवले तर बर्फाचं काम तेच करतात आणि पेय पातळ होत नाही, ही युक्ती मुलांना फार आवडते. मिक्सरमधून काढायचं असेल तर बिया काढा, आणि थोडा वेळ ठेवलं की पाणी खाली, गर वर असं होणारच, ते खराब झालेलं नसतं, ढवळा आणि प्या.

अननस आलं आणि गवती चहाबरोबर. अननसात दूध किंवा दही घालायच्या भानगडीत पडू नका, त्यातल्या एन्झाइममुळे दूध कडू होतं.

मोसंबी आणि संत्र्याला तुळस किंवा दालचिनी. नागपूर संत्र्याचा मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणारं पीक, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल बाजारात असतो, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुरुवातीला संत्री घ्या, नंतर मोसंबीवर या.

कैरी. किसून नाही, उकडूनही नाही (ते पन्हं झालं, आणि पन्ह्याला पन्हंच राहू द्या, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंबेडाळीसोबत पन्ह्याऐवजी हे दिलंत तर सासूबाई बोलतील आणि मी त्यांच्या बाजूने असेन). कैरीच्या कागदासारख्या पातळ चकत्या करून गार गवती चहात तासभर ठेवा, वर भाजलेल्या जिऱ्याची पूड. हे माझं सगळ्यात आवडतं.

द्राक्षं अर्धी कापून, बडीशेपेच्या पाण्यात. काळी असली तर रंगही छान येतो. जाम, म्हणजे ते पांढरे-गुलाबी घंटेसारखे, त्यांना स्वतःची चव कमी पण कुरकुरीत असतात, गुलाब पाकळ्यांच्या चहात छान. करवंदं मे महिन्यात, जांभळं जूनमध्ये, दोन्ही थोडी चेचून घालायची, रंग असा येतो की पाहुणे आधी फोटो काढतात. स्ट्रॉबेरी महाबळेश्वरची असेल तर मार्च-एप्रिलपर्यंतच, नंतरची फ्रोझन.

हापूस घालू का?

नको. गर खाली बसतो, चहाचा वास मरतो आणि हापूसचाही अपमान होतो. हापूस नुसता खा.

जास्वंदीचा चहा म्हणजे आमच्या कुंडीतली गणपतीला वाहतो ती जास्वंद का?

इथे फार लोकांचा घोटाळा होतो. पाकिटात मिळणारा, लालभडक आणि आंबट "हिबिस्कस टी" हा लाल अंबाडीच्या बोंडांचा असतो, म्हणजे फूल गळून गेल्यावर फळाभोवती जे जाडसर लाल आवरण राहतं ते सुकवलेलं. इजिप्तमध्ये त्याला करकदे म्हणतात, सेनेगलमध्ये बिसाप, मेक्सिकोत आग्वा दे हमायका, सगळीकडे गार करून पितात. आपल्याकडे विदर्भात अंबाडीच्या फुलांचं सरबत आणि चटणी जुनीच आहे, त्यामुळे तिकडचं कुणी ओळखीचं असेल तर हिवाळ्यात सुकवलेली बोंडं मागवून ठेवा, डब्यात व्यवस्थित टिकतात. एक लिटरला तीन-चार टेबलस्पून, उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं झाकून.

कुंडीतली जास्वंद वेगळी. तिच्या पाकळ्यांचं पाणी जांभळट होतं, आंबट अजिबात नसतं, लिंबू पिळलं की गुलाबी-लाल होतं. वापरता येते, देठ, हिरवा भाग आणि मधला पिवळा दांडा काढून फक्त पाकळ्या, आणि झाडावर औषध फवारलेलं नसावं. नर्सरीतून कालच आणलेल्या झाडाची फुलं नकोत.

ते निळं पेय कसं करतात?

निळ्या गोकर्णाची फुलं, ताजी किंवा सुकलेली. गरम पाणी ओतलं की पाच मिनिटांत गडद निळं. लिंबू पिळलं की जांभळं होतं, कारण त्या रंगद्रव्याचा रंग आंबटपणावर बदलतो. पांढऱ्या गोकर्णाने असं काही होत नाही. खरं सांगायचं तर चव फारशी नाही, सगळा मामला दिसण्याचा आहे, म्हणून मी ते गवती चहातच मिसळते. दोन थर हवे असतील तर ग्लासात आधी गोड कोकम सिरप, मग काठोकाठ बर्फ, आणि चमच्याच्या पाठीवरून निळा चहा अगदी हळू. सिरप साखरेमुळे जड असतं म्हणून खाली राहतं. बिनसाखरेचं कोकम घातलंत तर लगेच मिसळतं.

कोकम आगळ घातलं आणि सगळं खारट झालं!

आगळात मीठ असतं, ते सोलकढीसाठी. पेयाला अमृत कोकम घ्या, ते साखरेतलं असतं. आगळच घरात असेल तर लिटरला दोन चमच्यांवर जाऊ नका आणि वेगळं मीठ घालू नका. आमसुलं असतील तर सात-आठ कोमट पाण्यात तासभर भिजवून कुस्करून गाळा, पण त्यांनाही कधी कधी मिठाचं पाणी लावलेलं असतं, चाखून बघा.

आणि कोकम, कैरी, लिंबू असलं काहीही पितळेच्या-तांब्याच्या भांड्यात ठेवायचं नाही. स्टील किंवा काच.

माझं कडू का होतं?

तीन शक्यता. एक, लिंबू-मोसंबीच्या चकत्या सालीसकट रात्रभर बुडवून ठेवल्यात, सालीखालचा पांढरा भाग कडवटपणा सोडत राहतो, तासाभराने काढून टाका. दोन, मोसंबी किंवा संत्र बियांसकट मिक्सरला लावलं. तीन, रस सकाळी काढून संध्याकाळपर्यंत ठेवला, या फळांचा रस काढल्यावर थोड्या वेळाने आपोआप कडवट व्हायला लागतो, ताजा काढायचा आणि लगेच घालायचा. या तिन्हीतलं काही नसेल तर आलं फार झालं असेल, पण ते कडू नाही, तिखट लागतं.

साखर नकोय. मध, गूळ, खजूर?

गूळ चालतो, पण रंग मातकट होतो आणि गुळाची चव पुढे येते, कैरी-आल्याबरोबर छान, कलिंगडाबरोबर वाईट. मध कोमट चहात विरघळवा, गार चहात गोळा होऊन तळाशी बसतो. एक वर्षाखालच्या बाळाला मध कुठल्याही रूपात द्यायचा नाही. खजुराने पेय गढूळ होतं, मला आवडत नाही. खडीसाखर उत्तम, फक्त आधी विरघळवून घ्यावी लागते.

साखर वापरत असाल तर एक वाटी साखर, एक वाटी पाणी, विरघळेपर्यंत गरम करून पाक बाटलीत ठेवा. गार पेयात कोरडी साखर टाकून ढवळत बसणं म्हणजे हात दुखणं आणि शेवटचा घोट सगळा साखरेचा.

फळं चहातच उकळली तर अर्क जास्त उतरेल ना?

उतरेल, आणि जॅमसारखा वास येईल. ताज्या फळाची मजा जाते. अपवाद सफरचंद-दालचिनी, पण ते पावसाळ्यातलं काम.

सोडा घालू का?

घाला, पण ग्लासात, सगळ्यात शेवटी. चहा दुप्पट कडक करून अर्धा ग्लास चहा, अर्धा सोडा. एकदा ढवळायचं, जास्त नाही.

सब्जा कधी घालायचा?

पंधरा मिनिटं आधी पाण्यात भिजवून, फुगल्यावर. कोरडा कधीच घालू नका, घशाशी अडकतो, विशेषतः लहान मुलांना.

करून ठेवलं तर किती टिकतं? बाहेर राहिलं तर?

फळं न घातलेला गाळलेला चहा फ्रीजमध्ये झाकून दोन-तीन दिवस. फळं घातल्यावर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी. बाहेर दोन तासांच्या वर नाही, आणि चाळीस अंशांच्या दुपारी तासाभराच्या वर नाही. कलिंगडाबाबत तर जास्तच जपा, त्याला आंबटपणा नसल्यामुळे कापलेल्या कलिंगडात जंतू पटकन वाढतात, कैरी-लिंबाच्या पेयाला त्या मानाने थोडा वेळ मिळतो. रस्त्यावरचं कापून ठेवलेलं फळ आणून घालू नका.

बुडबुडे यायला लागले, आंबूस वास आला, झाकण उघडताना फस्स झालं, तर ओतून द्या. फळातल्या साखरेवर यीस्ट बसलं की त्याची हळूहळू दारूच व्हायला लागते, आणि आपण तर बिनदारूचं म्हणून मुलांना देतोय.

याच कारणाने बरणी उन्हात ठेवून "सन टी" करायची पद्धत मला पटत नाही. उन्हात पाणी कोमटच होतं, उकळत नाही, आणि कोमट पाणी जंतूंना आवडतं. सुकलेल्या फुलापानांवर उकळतं पाणी ओतायचं, मग गार करायचं, वीस मिनिटांचं काम आहे.

मुलांना रात्री दिलं तर झोप उडेल का?

गवती चहा, पुदिना, अंबाडी, गोकर्ण, कॅमोमाइल यात कॅफिन नसतं. ग्रीन टी आणि ब्लॅक टीत असतं, भले पाकिटावर लिंबाचा आणि मधाचा फोटो असो. पाकीट उलटं करून काय काय आहे ते वाचा.

शुगर, बीपी, गरोदरपण... कुणी टाळायचं?

डायबेटिस असेल तर रस नको, चहा बिनसाखरेचा आणि फळाचे चार तुकडे, तेही आपल्या दिवसाच्या हिशोबात धरून. अंबाडीच्या चहाने बीपी थोडं खाली येऊ शकतं, म्हणून बीपीच्या गोळ्या चालू असतील तर रोज पिण्याआधी डॉक्टरांना विचारा. गरोदर बायकांनी अंबाडी, गोकर्ण आणि नाव न ओळखीचे हर्बल मिक्स डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, पुदिना-लिंबावर भागवा. आणि किडनीचा आजार असलेल्यांना स्टारफ्रूट, म्हणजे कमरख, अजिबात द्यायचं नाही. चकत्या चांदणीसारख्या दिसतात म्हणून लोक सजावटीला हमखास लावतात, पण किडनीच्या पेशंटला ते खरोखर जिवावर बेतू शकतं.

ऊन लागल्यावर हे दिलं तर चालेल?

तहान भागवायला ठीक. जुलाब-उलट्या असतील तर हे नाही, ओआरएस. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे सपाटच, ढीग नाही. माणूस बरळत असेल, अंग तापलेलं असेल, तर काही पाजत बसू नका, सावलीत नेऊन अंग ओलं करा आणि दवाखाना गाठा.

उपवासाला चालतं का?

आमच्याकडे सैंधव घालून चालतं. पुदिन्यावरून घराघरात मतभेद आहेत, आणि एकादशीला तुळस तोडत नाहीत, तेव्हा आदल्या दिवशी तोडून ठेवा किंवा वगळा. तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा, मला भांडणात ओढू नका.

पंचवीस जण येणारेत, किती करू?

माणशी दीड ग्लास धरा, दोनशे मिलीचा ग्लास, म्हणजे साडेसात लिटर. त्यातला बर्फ आणि फळांचा भाग सोडला तर साडेचार-पाच लिटर चहा पुरतो. एवढं पाणी गार व्हायला खूप वेळ लागतो, म्हणून अडीच लिटर पाण्यात पाच लिटरच्या मापाचा, म्हणजे चाळीस-पन्नास पातींचा कडक चहा करा आणि उरलेलं अडीच लिटर फ्रीजचं गार पाणी वरून घाला. साखर सगळ्यांसाठी कमी ठेवा, पाकाची बाटली शेजारी ठेवा, ज्याला हवं तो घेईल. फळं दोन किलो कापलेली लागतात, कलिंगड असेल तर साल धरून चार किलोचं आणा. बर्फ विकतचा असेल तर पिण्यायोग्य पाण्याचाच, मासे ठेवायच्या लादीचा तुकडा नको. घरच्या ट्रेमध्ये चहाच गोठवलात तर उत्तम, वितळला तरी चव उतरत नाही.

गाळून उरलेल्या पाती आणि फळांचं काय?

पाती कुंडीत खत म्हणून. अननस, द्राक्षं असली घट्ट फळं त्याच दिवशी चाट मसाला घालून खाऊन टाका, चहाचा वास लागलेला असतो, छान लागतात. कलिंगडाचे तुकडे मऊ पडतात, ते मिक्सरला फिरवून साच्यात घाला आणि मुलांना कुल्फीच्या काडीवर द्या. लिंबाच्या चकत्या सिंकला घासा.